अप्पांचं गप्प बसणं

“थांबा. घाई कुणाला हाय?” असं म्हणून अप्पा डोळे मिटायचे आणि बैठकीतली पन्नास माणसं हातात कपबशी धरून थांबायची. तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याच्या बोलण्यापेक्षा गप्प बसण्याला जास्त वजन असतं. आमच्या जळकोटात ते वजन अप्पांकडं होतं. सोयरीक कुणाचीही असो, मध्यस्थ अप्पाच.

माझं हायवेला झेरॉक्सचं दुकान. लग्नाचे बायोडाटा मीच टाइप करतो, त्यामुळं आमचा संबंध रोजचा. अकराच्या सुमाराला अप्पा येऊन बाकड्यावर बसायचे आणि माझ्या टायपिंगमध्ये नाक खुपसायचे. मी ‘गोरा’ लिहिलं की म्हणायचे, “निमगोरा कर. पोरगं बघितलंय म्या.” मी म्हणायचो, अप्पा, पैसे मुलाकडचे देतात. त्यावर ते माझ्याकडं नुसतं बघायचे. मी निमगोरा करायचो.

बैठकीत मुलाची माहिती सांगून झाली की सगळ्या माना अप्पांकडं वळायच्या. अप्पा लगेच “जमलं” म्हणाले तर पेढ्यांचे पुडे फुटायचे. गप्प बसले तर लोक काय समजायचं ते समजायचे आणि आपापल्या चपला शोधायला लागायचे. कारण विचारायची पद्धत नव्हती.

गेल्या दोन वर्षांत हे गप्प बसणं फार वाढलं. नजर आणखी धारदार झाली, असं गावानं ठरवून टाकलं. जमत आलेल्या कितीतरी सोयरिकी तेवढ्यावर मोडल्या. माझ्या मेव्हण्याची त्यातच गेली. त्यानंतर वर्षभर मी त्या बिचाऱ्याच्या तोंडाचा वास घेत होतो, चोरून पितो की काय म्हणून.

एकदा बाकड्यावर बसल्या बसल्या अप्पांनी टेबल घट्ट धरलं. डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणाले. मी लगेच निदान केलं, पित्त. लिंबू सरबत पाजलं आणि पुन्हा टाइप करायला बसलो. मी कुठला आलोय डॉक्टर! आजही ते आठवलं की स्वतःच्याच मुस्काटात द्यावीशी वाटते.

मग ती बैठक झाली. मुलाचा मामा उभा राहून माहिती सांगत होता. आठ एकर बागायत, पुण्यात कंपनीत नोकरी, मुलगा निर्व्यसनी. ‘निर्व्यसनी’ या शब्दाला अप्पांनी डोळे मिटले आणि सतरंजीवर सरळ आडवे झाले. मुलीच्या बापानं आधी मुलाकडं बघितलं, मग पाण्याचा तांब्या उचलला. अप्पा शुद्धीवर येईपर्यंत सोयरीक मोडलेली होती.

अप्पांची बायको, म्हणजे आमच्या काकू, आणि मी त्यांना जीपमध्ये घालून सोलापूरला नेलं. डॉक्टरनं छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली आणि पेसमेकर बसवायला लागेल म्हणून सांगितलं. अप्पा म्हणाले, गोळी द्या. गोळीनं भागणार नाही म्हटल्यावर म्हणाले, “आधी दोन्ही घरची माणसं हितं आणा. माझ्यापायी त्या पोराच्या नावाला डाग लागलाय. तवर सही न्हाय.”

डॉक्टरनं काकूंना बाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं. ठोका आज थांबून परत चालू होतोय, पुढच्या वेळी होईलच असं नाही. काकूंनी माझं मनगट धरलं.  “काय बी करा, पण आणा त्यास्नी,” म्हणाल्या. मी फोन करत सुटलो. तेव्हा मात्र मला हसू येत नव्हतं.

दुपारपर्यंत सगळे जमले. मुलगी सोलापुरातच नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, ती हॉस्टेलवरून आली आणि दाराशी उभी राहिली. डॉक्टरनं पट्टी दाखवून सांगितलं, की हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला इशारा खालच्या कप्प्याला पोचतच नाही. ठोके तीसवर येतात, कधी चार-पाच सेकंद पडतच नाहीत. मग माणूस गप्प होतो, नाहीतर पडतो.

मुलीच्या बापानं खात्री करून घेतली, “म्हंजी पोरात खोट न्हाय?”

डॉक्टर म्हणाले, मी मुलाला आत्ताच पाहतोय.

मामा हळूच म्हणाला, मग दोन वर्षांत ज्या सोयरिकी मोडल्या, त्या सगळ्या यानंच का? मी पंख्याकडं बघायला लागलो. मेव्हण्याला कोणत्या तोंडानं फोन करावा ते कळेना.

सोयरीक तिथंच पुन्हा जमली. मुलीचा बाप “आमचं पक्कं” म्हणाला, मामानं पेढे आणायला माणूस पिटाळला. अप्पांनी पेन घेतलं, सहीच्या जागेवर टेकवलं आणि तसंच धरून बसले. काकूंनी घाबरून उशाशी ठोके दाखवणाऱ्या मशीनकडं बघितलं, पण ठोके पडत होते. अप्पा दाराकडं बघत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना हे कधी विचारताना ऐकलं नव्हतं.

“बाई, तुझं काय?”

मुलगी बापाकडं न बघता म्हणाली, “अप्पा, आधी सही करा. मशीन बसू द्या. मग सांगते.”

अप्पांना अशी अट घालणारं माणूस जळकोटात जन्मलं नव्हतं. पण जन्मलं होतं की, समोर उभं होतं. अप्पांनी मुकाट्यानं सही केली.

डाव्या खांद्याच्या हाडाखाली काडेपेटीएवढं यंत्र बसलं. दुसऱ्या दिवशी मुलगी कॉलेजच्या युनिफॉर्ममध्येच आली. बाप पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन बसला होता. तिनं अप्पांचं मनगट धरलं, घड्याळात बघत पूर्ण एक मिनिट मोजलं आणि ‘सत्तर’ म्हणाली. हात मात्र सोडला नाही.

“मुलगा चांगला हाय, अप्पा. पण मला आत्ता लगीनच करायचं न्हाय. नोकरी करायचीय. मला कुणी इचारलंच न्हाय.”

बापानं तोंड उघडलं. काकूंनी पदर सावरला. मी सवयीनं खाली बघून चपला शोधायला लागलो.

“मग न्हाय,” अप्पा म्हणाले. तिचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.