कंसातला कचरा

“मॅडम, किती झाले?”

“अकरा.”

“चारशेतले?” पाटणकर साहेबांनी कपाळाला हात लावला. “अहो, पुढच्या सोमवारी मशीन चालू करायचंय मला.”

मी तेव्हा शिरूरजवळच्या एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत प्रोग्रामिंगला होते. जॉइन होऊन वर्ष होत आलेलं, कन्फर्मेशन महिन्यावर आलेलं. कंपनीनं जुना सीएनसी लेथ काढून दुसऱ्या मेकचा सेकंडहँड घेतला. हे मशीन लोखंडी तुकडा, म्हणजे जॉब, गरगर फिरवतं आणि टूल त्याला तासत जातं. टूलनं कुठं जायचं, किती वेगानं जायचं, हे प्रोग्राममध्ये ओळीओळीनं लिहिलेलं असतं. नव्या मशीनची भाषा जराशी वेगळी. म्हणजे जुना प्रोग्राम उघडा, टूलचे नंबर बदला, दोन-चार कोड बदला, सेव्ह करा, की पुढचा. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

आम्ही ज्या एडिटरमध्ये हे प्रोग्राम लिहायचो, त्याला प्लगिन जोडता यायचं. प्लगिन म्हणजे आपण लिहिलेला छोटासा जोड-प्रोग्राम. एक बटण दाबलं की एडिटर आपलं काम एकटाच करत बसतो. दोन दिवस खपून मी तसं एक लिहिलं. चाललंही. पण नव्या मशीनची मेमरी एवढीशी, सगळे प्रोग्राम मावेनात.

“कंसातलं उडवा ना,” साहेब म्हणाले. “तो कचरा कशाला पाहिजे?”

कंसातलं मशीन वाचत नाही, ते माणसांसाठी असतं. आमचे ऑपरेटर तिथं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून ठेवायचे. मी पंधरा-वीस वाचून बघितले. ‘सायकल मोठी हाय, चहा पिऊन या,’ म्हणजे एक जॉब व्हायला वेळ लागतो. ‘साहेब आले की फीड कमी करा,’ म्हणजे टूलचा वेग. एकानं तर ‘आप्पा, पोट सुटलंय, जपून वाका’ असं लिहिलेलं. मला हसू आलं. प्लगिनमध्ये आणखी दोन ओळी घातल्या आणि चारशे प्रोग्राम अर्ध्या तासात साफ. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मशीन चालू झाल्यावर नवव्या दिवशी फर्स्ट शिफ्टला धाडकन आवाज आला. टूल धरणारा अख्खा टरेट जॉवर आदळला होता. जॉ म्हणजे जॉब पकडून ठेवणारे दात. मशीन बंद पडलं. त्याच्यावर होता दिलीप गडदे, खुटबावचा, कॉन्ट्रॅक्टवर सहा वर्षं काढलेला. त्याचं परमनंटचं लेटर टाइप होऊन सहीला गेलेलं. आम्हा सगळ्यांना त्यानं पेढे कबूल केले होते.

“जॉ कुठले लावलेस?” साहेबांनी विचारलं.

“नेहमीचेच की, साहेब. या पार्टला बुटके लागत्यात, पर हा वर्षातनं एकदाच येतो. पयलं प्रोग्राममदी वरच लिव्हलेलं असायचं. आता न्हाई दिसलं, म्हून वाटलं दुसऱ्या पार्टचं असंल.”

आमच्याकडं सेटिंगचा वेगळा कागद कधीच नव्हता. सगळा कारभार त्या कंसांत चालायचा, हे मला तेव्हा कळलं. साहेब माझ्याकडं वळले. “काय हो, असं काही होतं?”

“बघावं लागेल, सर,” एवढंच तोंडातून निघालं.

दुपारी ड्रॉवरमधली जुन्या प्रोग्रामची फ्लॉपी घातली. तिसरीच ओळ होती. ‘बुटके जॉ लावा, न्हाईतर टरेट धडकंल.’ मी प्रिंट काढली आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी ती वाचली आणि घडी घातली.

“रिपोर्ट हेड ऑफिसला गेला. ऑपरेटर एरर. आता बदलायचा तर कारण काय लिहू? तुमचं प्लगिन? आणि कंसातलं काढायला सांगितलं कुणी, तेही लिहू?”

मी प्रिंट परत घ्यायला हात पुढं केला.

“तुमचं कन्फर्मेशन आहे ना या महिन्यात?”

मी हात मागं घेतला. प्रिंट त्यांच्याच टेबलावर राहिली.

दोन दिवसांनी दिलीपचा गेटपास काढून घेतला. लेटर सहीविनाच फाइलला लागलं. संध्याकाळी तो मला शिरूरच्या स्टँडवर दिसला, चौफुल्याच्या एसटीसाठी थांबलेला. मी तोंड चुकवणार होते, पण तोच पुढं आला.

“मॅडम, एक इचारू? त्या प्रोग्रामवर खरंच काय लिव्हलेलं न्हवतं का? मी तर दर साली वाचत आलोय. बायको म्हणती, तुमास्नी भास झाला आसंल.”

मी म्हटलं, “नव्हतं.”

“मंग माझीच चूक म्हणायची.” त्यानं पिशवी खांद्याला लावली. मग उलट मलाच म्हणाला, “तुमी नका वाईट वाटून घिऊ, मॅडम,” आणि एसटीत चढला.

माझं कन्फर्मेशन झालं. प्लगिन पुढं चार वर्षं चाललं, त्यात एकही बग निघाला नाही. हल्ली नव्याने आलेल्यांना मी सांगते, काही उडवायचं असेल तर ते रोज वाचणाऱ्याला आधी विचारा, पाच मिनिटं लागतात. ते मान डोलावून वहीत लिहून घेतात. स्टँडवर मी काय उत्तर दिलं, ते मात्र मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.