आल्माच्या तोंडातला बोळा

व्हीबके हार्टुंग जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, पण तिचा सगळा जीव घराच्या तळघरात. तिथे काचेच्या पेट्यांत, दिव्यांच्या उबेला तिचे दाढीवाले सरडे पहुडलेले असत. घाबरले की गळ्याखालची काटेरी दाढी काळी करून फुगवायचे. एरवी इतके निवांत, की तिच्या खांद्यावरच झोपी जायचे. तिच्याकडची पिल्लं न्यायला लोक हॉलंडहूनही येत.

एका संध्याकाळी उल्फचा फोन आला. तोही सरडे पाळणारा, जुना मित्र.

"व्हीबके, माझी पिल्लं एकेक करून माना टाकतायत गं. खातात, पण अंगी लागत नाही. डॉक्टर म्हणतात, विषाणू असेल. गेल्या वर्षी तुझा नर आणला ना मी... तू तपासणी केली होतीस?"

"माझे सगळे ठणठणीत आहेत, उल्फ."

"वरून ठणठणीत दिसणाराच तो पसरवतो म्हणे."

तपासणी तिने कधीच केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने सरडे पाळून विकणाऱ्या मैत्रिणीला, युट्टाला विचारलं. युट्टा तर हसलीच. "वेडी आहेस का? सरड्यांचा बाजार तोंडावर आलाय. झाकली मूठ राहू दे की! तपासलंस आणि निघालं, तर काय करशील?"

तेच तर भय होतं. तरी तिने प्राण्यांच्या डॉक्टर फ्रेरिक्सना बोलावलं. त्यांनी प्रत्येकाच्या तोंडातून आणि शेपटीखालून कापसाचा बोळा फिरवला. तिची सगळ्यात जुनी मादी, म्हातारी आल्मा तेवढी तोंड उघडेना. व्हीबकेनेच तिला चुचकारलं. मग निकालाची वाट. एका पेटीकडून दुसरीकडे जाताना व्हीबके हात धुवायची, पुन्हा धुवायची, कातडी सोलवटेपर्यंत. कुणी जरा कमी खाल्लं की त्याच्या पेटीसमोरून ती हलायची नाही.

निकाल आला. आल्मात विषाणू होता, तिच्या दोन मुलींतही.

"औषध नाही," डॉक्टर म्हणाले. "पण ती मरेलच असंही नाही. वर्षानुवर्षं मजेत जगेल, आणि दुसऱ्यांना देत राहील."

उबवणीच्या पेटीत आल्माची अंडी होती. त्यांतून पिल्लं निघू नयेत म्हणून व्हीबकेने ती स्वतःच्या हाताने बर्फाच्या कप्प्यात ठेवली आणि तिथेच जमिनीवर बसून रडली.

मग तिने पिल्लं नेलेल्या एकेकाला फोन लावला. एक बाई बिचारी आभार मानत राहिली. एकाने मात्र, "आता सांगतेस होय!" म्हणून शिव्या घातल्या. उल्फला तिने शेवटी लावला.

तो म्हणाला, "माझी जुनी मादीही तशीच निघाली. तो नर यायच्या आधीपासून आहे ती माझ्याकडे. कुणाचं कुणाला लागलं, देव जाणे."

तिला हायसं वाटलं नाही.

युट्टा बाजारात गेली आणि आपली सगळी पिल्लं न तपासताच विकून आली. व्हीबकेने आल्माला मुलींसकट वरच्या खोलीत हलवलं. पिल्लं काढणं थांबवलं. खालच्यांचा निकाल चांगला होता, पण एकदा 'नाही' आलं म्हणजे नाहीच असं नसतं, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. पुढच्या महिन्यात पुन्हा बोळे. तोवर रोज कामावर निघण्याआधी ती खाली उतरते, आणि कुणी मान टाकली नसेल ना, या धास्तीने दिवा लावण्याआधी क्षणभर अंधारातच थांबते.