श्रीकांतची भीड

सकाळी गच्चीवर पाण्याची टाकी धूत होतो, तेव्हा रमेशचा फोन आला. श्रीकांत गेला, पहाटे, नागपूरला, झोपेतच. मी रमेशला म्हणालो, परत विचारून घे, काहीतरी चूक आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो आमच्याबरोबर पांडवलेणी चढला होता, त्याला तीन आठवडेही झाले नव्हते. जो माणूस ती चढण चढतो त्याचं हृदय ठणठणीत असतं, असा माझा साधा हिशेब. तो हिशेब कसा चुकला, ते पुढे कळलं. आणि कळल्यापासून मला जे होतंय त्याला दुःख म्हणावं की नाही, मला ठाऊक नाही. मला राग येतो.

श्रीकांत, रमेश आणि मी पंचवटीत एका बाकावर शिकलो. तो नोकरीसाठी नागपूरला गेला आणि तिथलाच झाला. पण दर दिवाळीत चार दिवस सुमतीवहिनींना घेऊन यायचा आणि त्यातला एक अख्खा दिवस आमचा असायचा. या गावात एक चमत्कारिक रीत आहे. आम्ही नाशिककर एरवी नाशिक बघत नाही. पाहुणा आला की त्याला पुढे घालून सगळं बघतो, आणि दर थांब्यावर त्याला खाऊ घालतो. ज्याचं बालपण रामकुंडावर उड्या मारण्यात गेलं, त्याला आम्ही दरवर्षी रामकुंड दाखवत होतो. तोही बघायचा. नवीनच बघतोय असा बघायचा.

यंदा तो म्हणाला होता, "या वेळी कुठे जायला नको रे, घाटावर नुसतं बसू." रमेशने ते उडवून लावलं. "वहिनींनी लेणी कुठे नीट पाहिलीत? नुसतं बसायला नागपूर आहेच की." श्रीकांत हसला आणि बरं म्हणाला. हे त्याचं 'बरं' आम्हाला शाळेपासून पाठ. वर्गातली वर्गणी गोळा करायची, बरं. दुसऱ्याची शिक्षा भोगायची, तरी बरं.

सकाळी मिसळ. रमेश त्याच्या ताटलीत स्वतः तर्री ओतत होता आणि वहिनी नवऱ्याकडे एकटक बघत होत्या. मला वाटलं, तिखटाची काळजी. मग काळाराम, मग सीतागुंफा. तिथे वाकून, बसून, अंग चोरून आत उतरावं लागतं. बाहेर आल्यावर तो बराच वेळ भिंतीला टेकून उभा होता. गर्दीत गुदमरलं म्हणाला. दुपारी रमेशच्या घरी पुरणपोळी, आणि ऊन उतरल्यावर लेणी. पायऱ्यांवर तो तीनदा बसला. बूट टोचतोय म्हणाला. रमेश म्हणाला, "सपाटीवर राहून म्हातारा झालास, श्री." तोही मोठ्याने हसला. वहिनी म्हणाल्या, आपण इथेच बसू या ना. त्याने त्यांच्याकडे न बघताच म्हटलं, "वर वारा छान असतो, चल." आणि तो वर गेला... वारा खरंच छान होता. वरून त्याने मला बोटाने एकेक भाग दाखवला, आपली शाळा तिकडे, नदी तिकडे. मी इथेच राहतो, मला माहीत आहे, असं मी म्हणालो.

दिवसकार्य नागपूरला झालं. अस्थी रामकुंडात सोडायच्या, हे त्यांच्या घरचं वळण, म्हणून तेराव्यानंतर वहिनी भावाला घेऊन आल्या. विधी आटोपल्यावर घाटाच्या पायरीवर त्यांनी आम्हाला सांगितलं. नाशिकला निघायच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं: चढायचं नाही, तेलकट-तिखट नाही, आधी तपासणी करून घ्या, मग प्रवास. त्याने तपासणी सुट्टीनंतर ठेवली. आम्हाला सांगायला वहिनींना मनाई केली. "म्हणाले, ते दोघं वर्षभर वाट बघतात, त्यांचा विरस नको."

त्या दिवसामुळेच तो गेला, असं डॉक्टर म्हणालेले नाहीत. ज्याचा पुरावा नाही ते मीही मांडणार नाही. पण राग त्या गोष्टीचा नाहीच. राग याचा आहे, की पन्नास वर्षांच्या दोस्तीत त्याला आमच्यापुढे एक ठाम 'नको' ठेवता आलं नाही. लोक म्हणतात, किती भिडस्त, किती मऊ माणूस. मी म्हणतो, हा मऊपणा नव्हे. आम्ही ऐकलं असतं. शिव्या घातल्या असत्या, गाडी वळवून थेट डॉक्टरकडे नेली असती, सगळा दिवस घाटावर बसून राहिलो असतो. तेवढा भरवसा त्याने आमच्यावर ठेवला नाही. आणि आता रमेश मिसळीच्या त्या दुकानावरून गाडी नेत नाही, लांबच्या रस्त्याने जातो. ही शिक्षा त्याला कोणी दिली? मित्रानेच दिली, हसत हसत, बरं म्हणून.

घाटावरून रमेश सगळ्यांना घरी घेऊन गेला. त्याच्या बायकोने पहाटेपासून स्वयंपाक केला होता, पानं मांडलेली होती. वहिनी दारातच थांबल्या आणि जेवायला नको म्हणाल्या. रमेश सवयीने म्हणाला, वहिनी, दोन घास तरी, उपाशी कसं पाठवू. त्यांच्या भावाने त्यांना खुणावलं, बस, त्यांना वाईट वाटेल. वहिनी हलल्या नाहीत. आवाज चढवलाही नाही.

"भाऊजी, मी नको म्हणाले."

रमेशने हात जोडले. त्याच्या बायकोने त्यांचं पान उचललं, तांब्या-भांडं आणलं, आणि वहिनी नुसतं पाणी पिऊन खुर्चीत बसल्या. आम्ही जेवलो. वाढताना मागून कोणी आग्रह केला नाही. या घरात असं जेवण मी पहिल्यांदाच जेवत होतो.

संध्याकाळी नाशिक रोडला त्यांना गाडीत बसवलं. स्टेशनाबाहेर एक टपरी आहे. दर दिवाळीत श्रीकांत उतरला की सामान गाडीत टाकायच्या आधी आम्ही तिघं तिथे चहा घ्यायचो. त्याला बिनसाखरेचा आवडायचा, आणि टपरीवाला साखर घालूनच द्यायचा. तो तसाच प्यायचा... वर्षानुवर्षं. रमेश टपरीपाशी थांबला. दोन सांगू का, म्हणाला.

मी म्हणालो, "तुझा एक सांग. माझा बिनसाखरेचा असेल तरच."

टपरीवाल्याने साखर घातलेला ग्लास पुढे केला. मी तो परत केला आणि दुसरा होईपर्यंत उभा राहिलो. एवढंच करायचं होतं रे, श्री.