रात्री अकराचा पाहुणा

तुमच्या तिकडे परदेशात रात्री उशिराच्या गप्पांच्या कार्यक्रमात सूत्रधार सूट घालतो, मागे बँड वाजतो आणि समोर नट-नट्या बसतात. आमच्या पनवेलच्या केबलवरही तसा एक कार्यक्रम कितीतरी वर्षं चालू आहे. बँड नाही, सूट नाही, पण तुमचे आजोबा एकदा त्यात पाहुणे होते. ती क्लिप परवा तुमच्या फोनवर पोचली आणि तुम्ही विचारलंत, "आजी, आजोबा एवढा वेळ गप्प का बसलेत?" फोनवर मला ते नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

हा सूत्रधार माझा विद्यार्थी. बारावीला माझ्याकडे इंग्रजीला होता आणि जेमतेम पास झाला. घर खाडीकाठच्या गावात, पिढ्यान्‌पिढ्यांचं मिठागर. नवी वसाहत उभी करण्यासाठी ते सरकारने घेतलं तेव्हा तो कॉलेजात होता. पुढे तो हळदीच्या कार्यक्रमांत आणि कबड्डीच्या सामन्यांत माइकवर बोलू लागला. एका केबलवाल्याने त्याला ऐकलं आणि रात्री अकराची वेळ देऊन टाकली, कारण त्या वेळेला कोणी जाहिरात देत नव्हतं.

रेकॉर्डिंग मात्र दुपारी व्हायचं, साड्यांच्या दुकानावरच्या एका खोलीत. आवाज येतो म्हणून पंखा बंद. सुरुवातीला मी त्याला मदत करायला गेले. एका निवृत्त मुख्याध्यापकांसाठी वीस प्रश्न क्रमाने लिहून दिले. त्याने तो कागद मोठ्या आदराने घेतला आणि रेकॉर्डिंग संपेपर्यंत वारा घ्यायला वापरला.

त्याची पद्धत मला फार उशिरा कळली. तो एकच साधा प्रश्न विचारायचा आणि मग गप्प बसायचा. पाहुणा अडखळला तरी मदतीला धावायचा नाही. करंजाच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारणारी एक बाई आली होती. ती वैतागली. "अरं, गप का बसलास? मुका झालास काय?"

"मावशी, मी रोजच बोलतो. आज तुमी बोला."

मग तिने सांगितलं की बोली वाढवणारा माणूस तोंड उघडायच्या आधी पाय हलवतो, म्हणून ती तोंडांकडे बघतच नाही. दुसऱ्या दिवशी म्हणे बंदरावरचे सगळे व्यापारी पाय रोवून उभे होते. आमदारांच्या माणसाने एकदा प्रश्न आधी मागितले, तर हा म्हणाला, "मलाच अजून माहीत नाहीत." तरी आमदार आले, आणि गळणारा घाम पुसत बरंच काही खरं बोलून गेले. रिक्षास्टँडपासून दवाखान्यापर्यंत सकाळी त्याच गप्पा. मी आयुष्यभर वर्गात प्रश्न विचारले, पण उत्तराची अशी वाट बघणं मला कधी जमलं नाही.

एका संध्याकाळी तो आमच्या घरी आला. चहा घेतला आणि तुमच्या आजोबांना म्हणाला, "साहेब, शुक्रवारी तुम्ही या."

आजोबा सरकारी खात्यात इंजिनिअर होते हे तुम्हाला माहीत आहे. खाडीकाठच्या मिठागरांवर मातीचा भराव टाकायचं काम त्यांच्याकडे होतं. या माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांचं मिठागरही त्यातच गेलं, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं त्याने माझ्याजवळ त्याचा उल्लेखही केला नव्हता. त्या कामाविषयी कोणी काही विचारलं की आजोबा म्हणत, "वरून हुकूम होता." आमच्या घरात त्या वाक्यापुढे कोणी जात नसे, मीसुद्धा. आता सगळ्या पनवेलसमोर त्यापुढे जावं लागणार होतं.

"नाही गेलात तरी चालेल," मी म्हटलं.

"तुझा विद्यार्थी आहे. इंग्रजीत विचारलं तर सुटेन," ते म्हणाले. पण शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट त्यांनी स्वतःच काढला.

मी कॅमेऱ्यामागे स्टुलावर बसले होते. त्याने सुरुवातीलाच सांगितलं, "साहेब, हे रेकॉर्डिंग आहे. नको वाटलं तर शेवटी सांगा, पुसून टाकीन." मग विचारलं, "भराव सुरू व्हायच्या आदल्या दिवशी माझे वडील तुम्हाला भेटले होते. काय म्हणाले ते, आठवतं?"

तुम्ही क्लिपमध्ये पाहिलंत ते इथलं. खालच्या दुकानात कापड फाडल्याचा आवाज येत होता. मला वाटत होतं, याने काहीतरी बोलावं. तो हात मांडीवर ठेवून बसला होता. चेहऱ्यावर राग नव्हता, घाईही नव्हती.

"ते म्हणाले, मीठ तयार आहे," आजोबा शेवटी बोलले. "उचलायला आठ दिवस द्या."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी मी मातीच्या गाड्या आत घातल्या."

"थांबता आलं असतं?"

 'वरून हुकूम होता,' हे घरातलं ठरलेलं उत्तर मी मनात म्हणत होते.

"आलं असतं," आजोबा म्हणाले. "तारीख मीच ठरवायची होती. मला काम लवकर संपवून दाखवायचं होतं. मिठाच्या सतरा राशी होत्या. मी मोजल्या होत्या."

त्याने माफ केलं नाही, सुनावलंही नाही. पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि कॅमेरा बंद करायला सांगितलं. मग विचारलं, "ठेवू की पुसू?"

"ठेव," आजोबा म्हणाले.

तो भाग दाखवला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीतले दोघे-तिघे आजोबांशी नेहमीपेक्षा कमी बोलले.  दुपारी सूत्रधाराचा फोन आला. त्याचे वडील रोज कार्यक्रम बघत, पण त्यावर कधी शब्द बोलत नसत. काल मात्र टीव्ही बंद करताना म्हणाले होते, "सतरा नाय, अठरा."

"पुढे काय म्हणाले?" आजोबांनी विचारलं.

"काही नाही. झोपले."

आजोबा जेवले, घड्याळाकडे पाहिलं, आणि मला म्हणाले, "चल." मीही चपला घालून निघाले.

खाडीकाठच्या गावात त्याचे वडील घराच्या ओट्यावर बसले होते, वाकलेले, पण नजर तीक्ष्ण. आम्हाला बघून सूत्रधार दारात आला, पण वडील उठले नाहीत. आजोबा उभ्यानेच म्हणाले, "अठरावी कुठे होती?"

म्हाताऱ्याने त्यांना न्याहाळलं. मग काठी घेतली आणि पुढे चालू लागला, आम्ही तिघे मागे. मिठागराच्या जागी आता सात मजली इमारती आहेत, त्यांच्यामागे गाड्या लावायची जागा. एका पांढऱ्या गाडीपाशी तो थांबला आणि काठी टेकवली.

"हतं. बारकी व्हती. तुमाला दिसली नसंल."

आजोबा त्या जागेकडे बघत राहिले. "नाही दिसली," ते म्हणाले.

दोघे तिथेच उभे होते. आमचा बोलका सूत्रधार माझ्याशेजारी उभा होता, आणि त्या वेळी त्याच्याकडेही एकही प्रश्न नव्हता.