घशात नळी असताना घेतलेलं नाव

भूत, करणी, अंगात येणं... हे सगळे रिकामटेकड्यांचे उद्योग, असं मी आयुष्यभर म्हणत आले. डॉक्टर आहे मी; आजही तेच म्हणते. तरी हे लिहितेय, कारण ते मी माझ्या कानांनी ऐकलंय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीतलं एक सरकारी रुग्णालय. शिराळ्याकडच्या एका गावातून शेवंताला आणलं, खूप भाजलेली. स्टोचा भडका उडाला, असं सासरचे सांगत होते. घसा आतून सुजून श्वास कोंडत होता, म्हणून मी गळ्याला छेद देऊन नळी बसवली. अशी नळी असली की हवा स्वरयंत्राकडे जातच नाही. माणसाचा आवाज फुटत नाही.

दुपारी तहसीलदार तिचा मृत्यूपूर्व जबाब घ्यायला आले. ती शुद्धीवर आहे असं मी तपासून लिहून दिलं. म्हटलं, "हो-नाहीचे प्रश्न विचारा, ती मान हलवेल." पण सवयीने त्यांनी विचारलं, "कुणी पेटवलं, बाई?"

"दत्तूनं."

शब्द स्वच्छ होता, पण बंद दारामागून यावा तसा. नर्सने माझा हात घट्ट धरला. दत्तू म्हणजे तिचा नवरा. संध्याकाळी ती गेली.

खटल्याआधी सरकारी वकिलांनी मला बाजूला घेतलं. "आवाज आला म्हणू नका. ओठ हलले, तुम्ही ओळखलंत, एवढंच सांगा. नाहीतर तो सुटेल."

तो सुटू नये असं मलाही फार वाटत होतं. पण शपथेवर खोटं बोलणार नव्हते. "ऐकलं तेच सांगेन," म्हटलं.

आरोपीच्या वकिलाने विचारलं, "अशी नळी असताना माणूस बोलतो?"

"नाही."

"मग ही?"

"बोलली. 'दत्तूनं' म्हणाली."

कोर्टात हशा पिकला. वकील न्यायाधीशांकडे वळला. "साहेब, विज्ञान राहू द्या. आमच्याकडची बाई नवऱ्याचं नाव तरी घेते का? जबाब बनावट आहे. माझा अशील तेव्हा रानात उसाला पाणी पाजत होता."

पिंजऱ्यातल्या दत्तूने मान वर केली. माझ्याकडे बघत म्हणाला, "घेतलं हुतं. जल्मात कवा घेत न्हवती. मी भायेरनं कडी घातली, तवा आतनं 'दत्तू, दत्तू' करत हुती..."

वकिलाने त्याला गप्प करायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता. त्याला शिक्षा झाली.

नळी सैल असेल, असं माझे डॉक्टर मित्र म्हणतात. असेलही... जरी ती मीच बसवली होती. पण आवाज बंद दारामागून आल्यासारखा वाटला, हे मी दत्तू बोलला तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. कोर्टातही नाही.