चादरीखालचं यंत्र

लल्ला मुफीदाच्या तोंडाला अख्खं ऐन सल्मा गाव टरकून असायचं. लल्ला म्हणजे बाईसाहेब. दक्षिण ट्युनिशियातल्या त्या खाणींच्या गावात तिची खासगी प्रयोगशाळा होती. काविळीचा विषाणू शोधायला तिनं एक यंत्र घेतलं होतं. साथ आली तेव्हा नव्या रोगालाही तेच चाललं असतं. पण खासगीवाल्यांना त्या चाचण्यांची परवानगी नव्हती. तिनं तीन अर्ज केले. एकाचंही उत्तर नाही. गावातले नमुने चारशे किलोमीटरवर राजधानीत जात, निकाल आठवड्यानं येई, आणि इथं यंत्र चादरीखाली पडून.

त्यातच शेजारची हयात तापानं फणफणली आणि पाचव्या दिवशी गेली. निकाल आला आठव्या दिवशी: रोग होता. तिचा नवरा नासर भाड्याची गाडी चालवायचा. निकालाचा कागद आला नव्हता म्हणून, तिला माती देईपर्यंत तो आठ-आठ माणसं कोंबून फेऱ्या मारत होता.

"मी किती घरं बुडवली असतील, लल्ला?" तो पायरीवर बसून म्हणाला.

"तू नाही बुडवलीस. ऊठ. चल माझ्याबरोबर."

त्याला घेऊन ती तडक आरोग्य कचेरीत शिरली. साहेब म्हणाला, "लल्ला, खासगी लोकांच्या हाती चाचण्या दिल्या तर ते गरिबाला ओरबाडतील. शिवाय वरून आदेश नाही."

"ओरबाडतील? मग माझ्या मानगुटीवर माणूस बसवा! दर तुम्ही ठरवा, निकाल तुमच्या वहीत लिहा. पण आठ दिवस? मेलेल्याला औषध पाजणार आहात?"

"आवाज खाली."

"खाली आवाज मेलेल्यांचा असतो, साहेब!" तिनं प्रयोगशाळेच्या किल्ल्या टेबलावर आदळल्या. "घ्या. यंत्र उचलून न्या, तुम्हीच चालवा. माझं नावसुद्धा नको. पण चालवा!"

साहेबानं किल्ल्यांना हात लावला नाही. मृत्यूच्या दाखल्यांचा गठ्ठा घेऊन सरकारी इस्पितळातली डॉक्टर बसमा दारात उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "आमचे नमुने मी लल्लाकडे पाठवते. रसायनं आमची. उद्या कुणी जाब विचारला तर माझ्याकडे बोट दाखवा."

साहेबाला दुसऱ्याचा खांदाच हवा होता. त्यानं परवानगीवर सही ठोकली.

लग्नं बंद असल्यानं सी मुंजी नावाच्या गृहस्थाचा लग्नाचा हॉल ओस पडला होता. तो आपणहून आला. "नवरा-नवरीचं सिंहासन हलवतो. खिडक्या मोठ्या आहेत, नाकातले नमुने तिथंच घ्या." आसपासच्या वाड्यांतले नमुने नासर रिकाम्या गाडीतून आणू लागला. सकाळचा निकाल संध्याकाळी मिळायला लागला.

पहिल्याच दिवशी एक्केचाळीस नमुन्यांत नऊ जण बाधित सापडले. त्यातले सात दुसऱ्या दिवशी खाणीत उतरणार होते. बसमानं सुटकेचा निःश्वास सोडला. मुफीदानं मात्र भिंतीवर मूठ हाणली. "महिन्यापूर्वी सापडले असते गं हे! महिन्यापूर्वी!"

पुढं वरूनच आदेश आला: खासगी प्रयोगशाळांनीही चाचण्या कराव्यात. साहेब खजुराच्या मिठाईचा डबा घेऊन हॉलवर हजर. "शेवटी आपण करून दाखवलं, लल्ला."

"आपण?" तिनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. तो रुमालात खोकला.

"डबा ठेवा, नमुने घेणाऱ्या पोरी सकाळपासून उपाशी आहेत. आणि तुम्ही चाचणीच्या रांगेला लागा. सगळ्यात मागं."

खाणकामगारांच्या मागं साहेब मुकाट्यानं उभा राहिला.