किल्लीवाल्यांचा कुत्रा

अर्धी चादर दोरीवर आणि अर्धी बादलीत असतानाच वहिनींना मागच्या अंगणातून पुढचं दार सताड उघडं दिसलं. कुत्रा घरात नव्हता.

वहिनी म्हणजे चौकातल्या किल्लीवाल्यांची बायको. सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणते. कुत्रा प्राण्यांच्या निवाऱ्यातून नुकताच आणलेला. "तीन घरांनी परत केलाय," तिथल्या बाईंनी आधीच सांगितलं होतं. "कड्या उघडून पळतो." दुसरा कोणी असता तर नमस्कार करून निघाला असता. किल्लीवाल्यांना तो धंद्याचा अपमान वाटला. "माझी कडी उघडून दाखवू दे म्हणावं," ते म्हणाले, आणि कुत्रा घरी आला.

वहिनींनी एकच अट घातली. एकटा दाराबाहेर गेला, की परत निवाऱ्यात. पुढे गाड्यांचा रस्ता. डोळ्यांदेखत मुकं जनावर चिरडलेलं त्यांना बघवणार नव्हतं. किल्लीवाल्यांनी हो म्हटलं, पण मनातून ते धास्तावले. कुत्रा आल्या दिवसापासून त्यांच्या पायावर हनुवटी टेकून झोपायचा, आणि पायाला मुंग्या आल्या तरी ते हलायचे नाहीत. त्यांनी दाराची कडी बदलली. मग तीही काढून तिसरी, चांगली जाड बसवली.

तीच आता उघडी होती. वहिनी ओल्या हातांनी, देवाचं नाव घेत चौकाकडे धावल्या. कुत्रा दुकानात काउंटरखाली निवांत पडला होता, हनुवटी ठरल्या जागी.

"मीच आणला त्याला," किल्लीवाले वर न बघता म्हणाले.

"कधी?"

"मघाशी आलो होतो घरी."

"दुकान उघडं टाकून? तुम्ही?"

किल्लीवाले हातातली किल्ली घासत राहिले. ती केव्हाच घासून झाली होती.

"काल ही कडी बसवल्यावर काय केलंत?" वहिनींनी विचारलं.

"काय करणार? दाखवली."

"कुणाला?"

"घरात होता त्याला. दोनदा उघडून, दोनदा लावून. गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय मी आजवर काही दिलेलं नाही."

"आणि आधीची?"

"तीसुद्धा."

वहिनींनी कुत्र्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. दोघांचे चेहरे सारखेच निष्पाप होते.

"शिकवणाऱ्याला घरात ठेवायचं आणि शिकणाऱ्याला परत पाठवायचं," त्या म्हणाल्या, "हे देवाला पटायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे राहू दे त्याला. पण यापुढे दाराला हात लावायचा नाही."

"तो कसला ऐकतोय!"

"तुम्हाला सांगतेय."

किल्लीवाल्यांनी मान डोलावली. पाय मात्र जागचा हलवला नाही.

वहिनी तशाच पुढे सुताराकडे निघाल्या. दाराच्या वरच्या टोकाला कडी बसवायची होती, आणि किल्लीवाले दुकानात असतानाच ये, असं त्याला बजावायचं होतं.